ओळखीचा अनुक्रम

ज्या चतकोर कागदाला आपण आजही 'व्हिजिटिंग कार्ड' म्हणतो, त्याचा भेटीशी असलेला संबंध आता जवळजवळ सुटला आहे. युरोपातील प्रतिष्ठितांच्या घरी पूर्वी पाहुणा आला आणि यजमान घरी नसला, तर तो आपल्या नावाचे लहानसे कार्ड चाकराच्या हाती ठेवून परत फिरे. कार्डाचा कोपरा दुमडलेला असेल, तर गृहस्थ स्वतः येऊन गेले असे समजावे, असाही संकेत होता. जपानात तर कार्ड दोन्ही हातांनी द्यावे आणि दोन्ही हातांनी घ्यावे ही रीत आजही पाळली जाते. आपल्याकडे हा रिवाज साहेबी कचेऱ्यांतून आला आणि हळूहळू डॉक्टर, वकील, कंत्राटदार, मंडपवाले, बँडवाले अशा सर्वांच्या खिशात जाऊन बसला. भेटीची खूण होती ती धंद्याची खूण झाली. मात्र त्या कागदावर एक माणूस आपले नाव दुसऱ्याच्या हवाली करतो, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे. हवाली झालेल्या ह्या नावांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या घरी खणात पडून असतो. आमच्याही घरी तो होता. एका छोट्या यंत्रामुळे तो खणाबाहेर आला, त्याची ही हकिगत आहे.

आमच्या घराचा ह्या कार्डांशी संबंध पोटापाण्याच्या निमित्ताने आला. आमच्या थोरल्या बंधूंनी १९७८ साली वसईत एक लहानसा छापखाना घातला. पायाने चालवावयाचे एक ट्रेडल यंत्र, खिळ्यांच्या काही केसेस, कागद कापावयाचे एक हातयंत्र आणि एक जुळारी, एवढेच त्यांचे भांडवल. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, स्मरणपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डे ही तेथील नेहमीची कामे. आम्ही स्वतः शाळामास्तर; संध्याकाळी मुद्रिते तपासण्याचे काम आमच्याकडे असे. साडेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद एवढ्या जागेत माणसाचे नाव, हुद्दा, दुकान, घर आणि दूरध्वनी बसवावयाचे, म्हणजे चाळीतल्या एका खोलीत सहा माणसांचा संसार बसवण्यासारखेच होते. नाव चौदा पॉइंटांत, पत्ता सहा पॉइंटांत, आणि गिऱ्हाइकाचा आग्रह असा की पदवी मात्र ठळक दिसली पाहिजे! पुढे ट्रेडल गेले, स्क्रीन प्रिंटिंग आले, त्यानंतर ऑफसेट आले. आता आमचा पुतण्या फ्लेक्स आणि डिजिटल छपाईचा कारभार पाहतो. खिळे केव्हाच भंगारात गेले.

बंधू निवर्तले त्याला तीन वर्षे झाली. त्यांच्या मेजाच्या खणात आणि बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांत मिळून दोन हजार तीनशेच्या वर कार्डे निघाली. छापखान्यात तयार झालेल्या प्रत्येक कार्डाचा एक नमुना ते ठेवून घेत. त्याशिवाय कागदवाले, शाईवाले, ब्लॉक करणारे, बाइंडिंगवाले, ट्रान्सपोर्टवाले यांची कार्डेही त्यांतच. दुकानात जागा अपुरी, डब्यांना गंज लागलेला, आणि पुतण्याला जुन्या गिऱ्हाइकांशी पुन्हा संधान बांधावयाचे होते. म्हणून त्याने कार्डे वाचणारे एक यंत्र आणले आणि गेल्या पावसाळ्यात आम्हांला हाताशी धरले. निवृत्त मास्तरापाशी वेळ असतो आणि मुद्रिते तपासण्याची जुनी सवय असते, हे तो पक्के जाणून होता.

यंत्र दिसावयास अगदी साधे होते. चष्म्याच्या घरापेक्षा काहीसे मोठे, एका बाजूला फट. त्या फटीत कार्ड लावले की आतले रूळ ते ओढून घेतात, काचेखालून प्रकाश पडतो आणि कार्ड पलीकडे बाहेर येते. असली यंत्रे काही कालपरवाची नव्हेत. १९९०च्या दशकातच अमेरिकेत 'कार्डस्कॅन' ह्या नावाचे खास कार्डांसाठीचे यंत्र विक्रीस आले होते. आता मोबाईलच्या कॅमेऱ्यानेही हेच काम होते. परंतु मोबाईलवरील अनेक सोयी कार्डावरील मजकूर कोठल्यातरी दूरच्या संगणकाकडे पाठवतात. लोकांनी विश्वासाने दिलेली नावे व क्रमांक असे परभारे जाऊ नयेत, अशी पुतण्याची इच्छा होती. २०२३ साली आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे, त्याचेही त्याला भान होते. म्हणून सर्व नोंदी दुकानातल्याच संगणकावर राहतील अशी व्यवस्था त्याने केली.

छापील अक्षर यंत्राने वाचावे हा माणसाचा ध्यास जुना आहे. १९७६ साली रेमंड कुर्झवाईल यांनी अंधांसाठी छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र जगापुढे ठेवले, त्यालाही आता अर्धशतक होत आले. कार्ड वाचणारे यंत्र आधी कार्डाचे चित्र घेते, ते वाकडे असेल तर सरळ करते, पार्श्वभूमी बाजूला सारून अक्षरे तेवढी वेगळी काढते आणि प्रत्येक अक्षराचा आकार ओळखू पाहते. त्यानंतर खरे डोके लढवावे लागते. ह्यातले नाव कोणते आणि गाव कोणते? दहा आकडे एकत्र दिसले की तो मोबाईल, सहा दिसले की पिनकोड, 'ॲट'चे चिन्ह दिसले की ईमेल, आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत असेल ते नाव किंवा दुकान, असे अंदाज ते बांधते. शेवटी ही सर्व माहिती एका ठरीव साच्यात भरली जाते. 'व्ही-कार्ड' नावाचा हा साचा १९९०च्या दशकाच्या मध्यास तयार झाला आणि त्याची चौथी आवृत्ती २०११ साली प्रसिद्ध झाली. साचा सर्वमान्य असल्यामुळे एका संगणकातली नोंद दुसऱ्या संगणकात किंवा मोबाईलमध्ये जशीच्या तशी नेता येते. घरी असा उद्योग करू इच्छिणाऱ्यांनी ही एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. ज्या यंत्रातून नोंदी बाहेर काढता येत नाहीत, ते यंत्र म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी होय.

एक कार्ड आत जाऊन बाहेर येण्यास काही सेकंद पुरतात. ते तपासण्यास मात्र मिनिट-दोन मिनिटे सहज लागतात. प्रथम आम्ही एका इंचात ३०० ठिपके ह्या मापाने चित्रे घेतली. सहा पॉइंटांचे अक्षर म्हणजे इंचाचा बारावा भाग. त्याच्या वाट्याला त्या मापाने जेमतेम २५ ठिपके येतात, आणि तेवढ्यात वेलांटी व ठिपका यांची फारकत होत नाही. माप ६०० केल्यावर वाचन पुष्कळ सुधारले. तरीही गमती होतच राहिल्या. इंग्रजी 'ओ' आणि शून्य, 'एल' आणि एक, 'एस' आणि पाच ही भावंडे यंत्राला सदैव सारखीच दिसतात. इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी आले की त्यांचे 'एम' होते, त्यामुळे आमचे सगळे फर्नांडिस एका संध्याकाळी 'फेमांडिस' होऊन बाहेर पडले! सिस्टर ह्या शब्दाचे इंग्रजी लघुरूप यंत्राने 'सीनियर' असे लावले आणि एका शाळेच्या तरुण मुख्याध्यापिकांना एकाएकी वडीलधारे करून टाकले. 'सेंट' आणि 'स्ट्रीट' यांचे इंग्रजी लघुरूप एकच असल्यामुळे काही संत रस्त्यांच्या रकान्यात जाऊन उभे राहिले. मराठी कार्डांची अडचण आणखी वेगळी. आपली शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एका दोरीत ओवते. यंत्राने ती दोरी सोडवून मगच अक्षर निरखावयाचे, आणि त्यातच वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर! देवनागरी वाचणारी साधने आता उपलब्ध आहेत, परंतु आमच्या यंत्राने तेथे हात टेकले. ती कार्डे आम्ही सरळ हाताने भरली.

सर्वांत नवल वाटले ते सोनेरी कार्डांचे. सोनेरी वर्ख दाबून उठावाची अक्षरे काढणे ही बंधूंची खास कला. लोक त्यासाठी विरारहून येत. वर्खावर प्रकाश पडला की तो चमकून तिरपा निघून जातो, आणि यंत्राला तेथे काळा डाग किंवा कोरी जागा दिसते. ज्या कार्डांचा आमच्या छापखान्याला अभिमान होता तीच नेमकी वाचता आली नाहीत. पांढऱ्यावर काळे, अशी शंभर रुपयांत शंभरवाली कार्डे मात्र एकही चूक न होता उतरली.

कार्डे चाळताना आणखी एक इतिहास समोर उलगडत गेला. काही जुन्या कार्डांवर मुंबईच्या पत्त्यापुढे नुसता '२८' असा विभागाचा आकडा होता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले, तरी पुष्कळांची जुनी सवय नंतरही वर्षानुवर्षे टिकली. काहींवर तारेचा संक्षिप्त पत्ता होता; आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. काहींवर टेलेक्स, काहींवर पेजर. मुंबईचे दूरध्वनी सात आकडी, पुढे त्यांच्या आधी २ लागून ते आठ आकडी झाले. १९९५नंतर 'बॉम्बे'चे 'मुंबई' झाले, आणि वसईच्या सर्व कार्डांवरचा 'जिल्हा ठाणे' १ ऑगस्ट २०१४पासून 'जिल्हा पालघर' झाला. माणूस आपल्या जागी बसून होता, त्याचा पत्ता मात्र चालत राहिला! ह्यातले काय दुरुस्त करावे आणि काय ठेवावे? आम्ही असा तोडगा काढला की चित्र जसेच्या तसे राहील आणि शेजारच्या नोंदीत आजचा पत्ता असेल.

परंतु ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट ह्याहून निराळी आहे. पहिल्याच संध्याकाळी पुतण्या पहिला डबा मेजावर उपडा करावयास निघाला. कार्डे एकदा यंत्रात गेली की ती अकारविल्हे लागणारच, मग बाहेरच्या क्रमाची मातब्बरी ती काय, असा त्याचा विचार. वहिनी भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "डबा उलटा करू नकोस. तुझ्या बाबांनी ती लावलेली आहेत."

"आई, कसली लावलेली? डॉक्टरच्या मागे बँडवाला आहे, बँडवाल्याच्या मागे सिमेंटवाला!"

"तसेच आहे ते. डॉक्टरांनी बँडवाल्याला पाठवले, बँडवाल्याने सिमेंटवाल्याला."

आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. इतकी वर्षे त्या मेजाशी बसून मुद्रिते तपासली, पण बंधूंनी हे कधी बोलून दाखवले नव्हते. छापखान्यात नवे गिऱ्हाईक आले की ते हमखास एक प्रश्न विचारीत, "आपल्याला आमच्याकडे कोणी पाठवले?" तो केवळ बोलण्याचा भाग आहे असे सर्वांनाच वाटे. प्रत्यक्षात त्या उत्तराप्रमाणे ते त्या माणसाचे कार्ड पाठवणाऱ्याच्या मागे ठेवीत. वहिनी पूर्वी दुपारी त्यांचा डबा घेऊन दुकानात जात, तेव्हा त्यांनी हे पाहिले होते. पहिल्या डब्यातले पहिले कार्ड निर्मळच्या एका डॉक्टरांचे. त्यांच्या मागे त्यांचा औषधविक्रेता, त्याच्या मागे बँडचे मास्तर, त्यांच्यामागून तीन लग्नघरे आणि एक मंडपवाला. मध्येच एखादे जाड पुठ्ठ्याचे कार्ड आडवे लावलेले. तेथे एक साखळी संपून दुसरी सुरू होई. दोन हजार तीनशे कार्डे अशा साठ-सत्तर साखळ्यांत गुंफलेली होती. छापखाना कोणाच्या शब्दावर उभा राहिला, त्याचा तो वृत्तांत होता, आणि त्याचे एकही अक्षर कोठल्याही कार्डावर छापलेले नव्हते.

जुनी दप्तरे सांभाळणारे अभिलेखपाल एक नियम कसोशीने पाळतात. ज्याने कागद ठेवले त्याने ते ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडू नये, कारण क्रम हाही एक पुरावा असतो. १८९८ साली हॉलंडमधील तिघा अभिलेखपालांनी लिहिलेल्या पुस्तकात हा नियम ठामपणे मांडलेला आहे. वहिनींनी ते पुस्तक पाहिलेले असण्याचे कारण नाही. त्यांना फक्त त्या डब्यांमागचा माणूस ठाऊक होता.

मग यंत्र बाजूला ठेवून आम्ही आठवडाभर निराळेच काम केले. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने डब्याचा आणि अनुक्रमाचा आकडा घातला. उदाहरणार्थ, २-१४७ म्हणजे दुसऱ्या डब्यातले एकशे सत्तेचाळिसावे कार्ड. यंत्रातल्या नोंदीत आपल्याला हवा तो रकाना वाढवता येतो. तेथे एक रकाना अनुक्रमाचा आणि दुसरा 'कोणामार्फत' ह्या नावाचा केला. अकारविल्हे शोध घेण्याची सोय राहिली आणि साखळीही राहिली.

हा रकाना किती मोलाचा होता ते लवकरच कळले. सर्व कार्डे भरून झाल्यावर यंत्राने आपण होऊन एक यादी दाखवली. ह्या एकशे चौसष्ट जोड्या एकाच व्यक्तीच्या दिसतात, त्या एकत्र कराव्यात काय, असा त्याचा प्रश्न. ह्या यंत्राला आमची गावे कोठून ठाऊक असणार! एकाच गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन-चार गृहस्थ असणे आम्हांला नवे नाही. ते आळीवरून, घराच्या नावावरून, धंद्यावरून, नाहीतर आजोबांना पडलेल्या टोपणनावावरून ओळखले जातात, आणि त्यांतले काहीच कार्डावर नसते. उलट एकच डिसोजा घराणे इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिले जाते. एक भाऊ स्वल्पविराम वर टांगतो, दुसरा तो गाळतो, तिसरा आडनाव दोन शब्दांत तोडतो, चौथा 'झेड'ऐवजी 'एस' घालतो. वर्णमालेच्या दरबारात ही सख्खी भावंडे चार कोपऱ्यांत जाऊन बसतात, आणि एकमेकांची तोंडओळखही नसलेले दोन नामसारखे मात्र एकाच आसनावर बसवले जातात. त्या एकशे चौसष्ट जोड्या वहिनींनी चार संध्याकाळी बसून निवडल्या. "हा सुताराचा. हा बोटीवर होता तो. हे दोन्ही एकच, आधी भाड्याने राहत, मग घर बांधले." निम्म्याहून अधिक जोड्या मुळात जोड्या नव्हत्याच. जेथे त्यांनाही आठवेना, तेथे 'कोणामार्फत' हा रकाना पाहून उलगडा झाला.

खरा पेच पडला तो कार्डांच्या पाठींमुळे. काही कार्डांच्या मागे बंधूंच्या हातचे आकडे होते. १८५, ४२०, १,१५०. ती छपाईची राहिलेली बाकी. त्यांतल्या बऱ्याच आकड्यांवर एक तिरकी रेघ मारलेली. पुतण्याने प्रथम समजून घेतले की रेघ म्हणजे पैसे वसूल झाले. वहिनी म्हणाल्या, "वसूल झालेले ते वहीत मांडीत. ही रेघ निराळी. ज्याच्यावर रेघ, त्याच्याकडे मागायचे नाही."

रेघ कोणाकोणावर होती? गिरणी बंद पडल्यावर खानावळ काढून पाहिलेल्या एका कामगारावर. मुलीच्या आजारपणात दुकान विकलेल्या एका शिंप्यावर. आणि एका अशा गृहस्थावर की जो त्या काळी हातगाडीवर फळे विकीत असे आणि आज ज्याच्या चार इमारती उभ्या आहेत. पुतण्याकडून तो दरमहा फ्लेक्स करून घेतो.

पुतण्याचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. नव्या छपाईयंत्राचे हप्ते डोक्यावर होते. सर्व आकड्यांची बेरीज चाळीस हजारांवर जात होती, आणि ज्यांचे बरे झाले त्यांना एका शब्दाने आठवण द्यावयास काय हरकत आहे, असे त्याला वाटे. "निदान नोंद तरी राहू द्या. रेघ मारली आहे असेही लिहू. मागायचे की नाही ते पुढे पाहू."

"लिहून ठेवलेस तर ती रेघ कसली?" वहिनी म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी ती मारली तेव्हा त्या माणसाला सांगितलेही नव्हते. तो उद्या दुकानात येईल, तुझ्या मुलाने संगणकात नाव काढले की समोर बाकी दिसेल. मुलगा लहान आहे. तो त्याच्याकडे पाहील, आणि ते त्या माणसाला कळेल."

पुतण्या त्या रात्री काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. तो निर्णय दुकान चालवणाऱ्याचा होता. यंत्राला कार्डाच्या दोन्ही बाजू एकदम टिपण्याची सोय आहे, आणि ती आपोआप चालते. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा त्याने ती सोय बंद करून ठेवली होती. रेघ नसलेली नऊ कार्डे त्याने वेगळी काढली आणि त्यांच्या मागचे आकडे शेरा म्हणून हाताने भरले. रेघ असलेल्या कार्डांच्या फक्त पुढच्या बाजू यंत्रात गेल्या. हप्ते अजून चालू आहेत, आणि चार इमारतींच्या मालकांना फ्लेक्सचा दर इतरांइतकाच लागतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी कार्डे, जुन्या डायऱ्या, दूरध्वनीच्या वह्या असतील. मुले त्या यंत्रात घालू पाहतील, आणि त्यांनी तसे जरूर करावे. वाळवी आणि ओल कोणाचाही मुलाहिजा ठेवीत नाही. फक्त काही गोष्टी आधी कराव्यात. कार्डे विस्कटण्यापूर्वी त्यांना अनुक्रमांक घालावेत. यंत्राची काच रोज मऊ फडक्याने पुसावी, म्हणजे सर्व चित्रांवर एकच उभी रेघ उमटत नाही. एकत्र करण्याची सूचना आली तर ती एकेक करून तपासावी, सरसकट मान्य करू नये. जे निवर्तले त्यांची नोंद पुसण्याऐवजी त्यांचा एक निराळा गट करावा. म्हणजे नाताळच्या शुभेच्छा भलत्या घरी जात नाहीत आणि नावही राहते. सर्व नोंदींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. कार्डांच्या पाठी वाचून मग ठरवावे की काय आत जावयाचे आणि काय कागदावरच राहावयाचे. आणि हे सर्व, ज्यांना ती माणसे ठाऊक आहेत असे कोणी घरात आहे तोवर करावे. आमच्या वहिनी सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या नसत्या तर आमच्यापाशी दोन हजार तीनशे अचूक पत्ते असते, आणि त्यांतले कोण कोणाचे हे सांगणारे कोणी नसते.

आता काम पुरे झाले आहे. मोबाईलवर नाव टंकले की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पत्ता समोर येतो, आणि पुतण्याने जुन्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळांना पुन्हा जोडून घेतले आहे. डबे गंज काढून, रंग देऊन वहिनींच्या खोलीत ठेवले आहेत. नवी गिऱ्हाइके बहुधा कार्ड देतच नाहीत. मोबाईलवर तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड पुढे करतात. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या हिशेबासाठी तो निघाला, आणि आता त्यातून माणसाचे नाव, गाव, क्रमांक एका क्षणात दुसऱ्याच्या यंत्रात उतरतात. वाचावयाचे काही नाही, तपासावयाचे काही नाही. परवा दुकानात बसलो असता असेच एक तरुण गृहस्थ आले. नोंद आपोआप उतरली, सर्व रकाने बिनचूक भरले, एक तेवढा रिकामा राहिला. पुतण्याने मान वर केली आणि विचारले, "आपल्याला आमच्याकडे कोणी पाठवले?"